गनीभाईंची रिंग

निवृत्तीच्या दिवशी औटी मॅडम पारनेरच्या कॉलेजातलं बास्केटबॉलचं मैदान नव्या सरांच्या ताब्यात देत होत्या. रिंगेला टेप लावताच सर चमकले. “मॅडम, ही तर दोन इंच लहान आहे!” मॅडम हसल्या. सव्वीस वर्षांपूर्वी गनीभाई वेल्डरनी अंदाजानं वाकवून दिलेल्या त्या रिंगेवर पोरींनी वर्षभर सराव केला होता. मग नगरच्या पहिल्याच स्पर्धेत त्यांच्यातली पूजा ओरडली होती, “मॅडम, हितली रिंग लई मोठी हाय!” त्या दिवशी डोळे झाकून टाकलेला चेंडूही आत जात होता, करंडक पारनेरला आला. चूक कळल्यावर गनीभाई ओशाळून नवी रिंग घेऊन आले, तर मॅडमनी पेढा भरवून त्यांना रिंगेसकट परत पाठवलं. त्यानंतर एकोणीस करंडक आले. “मग पोरींना काय सांगायचं?” सरांनी विचारलं. “मी सांगत आलेय तेच. शहरात सगळंच मोठं असतं!”