बांधलेलं पान

“तोडू नका, ताई. बांधा. निघताना सोडून द्यायचं, की झालं.”

नावाडीकाका कुजबुजले आणि होडीकडे परतले. ओहोटीचं पाणी फार उतरायच्या आत निघायचं होतं, त्यांचं सगळं लक्ष पाण्याकडे होतं. घरट्यासमोर एक रुंद पान आडवं आलं होतं. त्यामागे नुसती शेपटी दिसत होती. फोटो काढायला आलेल्या तिने आपली बॅग चाचपली. दोरी नव्हती. तळाशी लेकीचं लाळेरं सापडलं, कालच्या दुधाच्या वासाचं. त्याच्या नाड्यांनी तिने पान ओढून मागच्या फांदीला बांधलं. उजेड थेट घरट्यात उतरला.

पांढरंशुभ्र पाखरू, डोळ्याभोवती निळं कडं. पोटाखाली दोन पिल्लं, अजून पिसंही न फुटलेली. हे पाखरू या बेटाबाहेर कुठेच दिसत नाही. कॉलेजात असताना तिने ठरवलं होतं, एकदा तरी याचा फोटो काढायचा. मग नोकरी आली, लग्न आलं, लेक आली. आज आठ महिन्यांनी ती पहिल्यांदा लेकीला सोडून निघाली होती. लेक पलीकडच्या किनाऱ्यावर होती, लॉजच्या खोलीत, नवऱ्याजवळ आणि सासूबाईंजवळ. निघताना तिने सूचनांचा कागद कपाटाला चिकटवला होता. सतरा मुद्दे. नवरा म्हणाला होता, “अगं, राज्यघटनाच लिहिलीस की!”

ऊन चढलं तसं पाखरू घरट्यात उभं राहिलं. त्याने दोन्ही पंख पसरले आणि तसेच धरून ठेवले. चोच उघडी, मान वर. ती श्वास रोखून फोटो काढत राहिली. एवढी सुंदर पोझ! लग्नात नवरीसुद्धा इतका वेळ एका जागी उभी राहत नाही, या विचाराने तिला हसू आलं. एक तास गेला, दोन गेले. पाखराने पंख मिटले नाहीत आणि तिने कॅमेरा खाली ठेवला नाही.

अकराला फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. ‘दूध नको म्हणतेय. अंग जरा गरम लागतंय. घाबरू नकोस.’

शेवटचेच दोन शब्द तिला आधी दिसले. तिने कॅमेरा पिशवीत कोंबला आणि पळत होडी गाठली.

“पान सोडलंत ना, ताई?” काकांनी विचारलं.

ती नवऱ्याला फोन लावत होती. लागत नव्हता. “हो, हो. चला तुम्ही.”

लॉजवर लेक गाढ झोपली होती.

“काही नाही गं,” सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या कागदात लिहिलं होतंस म्हणून दोन कपडे चढवले. उकडलं पोरीला. एक काढला, तशी अंगाने गार झाली. बाटलीभर दूध प्यायली आणि झोपली.”

ती पलंगाच्या कडेला टेकली. पडदा आखूड होता. फटीतून उन्हाचा पट्टा सरकत लेकीच्या गालावर आला. लेकीने डोळे घट्ट मिटले, ओठ काढले. तिने झटकन पंजा पुढे केला. सावली पडली, लेक निवली. ऊन सरकलं की तीही हात सरकवी. खांदा भरून आला, तरी हात खाली घेववेना. दुसऱ्या हाताने ती कॅमेऱ्यातले सकाळचे फोटो पाहू लागली.

पहिल्या फोटोत पंख डावीकडे कललेले होते. शंभराव्यात थोडे सरळ. दोनशेव्यात उजवीकडे. प्रत्येक फोटोत पंखांची सावली नेमकी पिल्लांवर होती. पाखराची चोच मात्र फोटोगणिक जास्तच उघडत गेली होती.

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

“अगं, लाळेरं कुठाय तिचं?” सासूबाई बॅग उपसत म्हणाल्या. “मघापासून शोधतेय.”

ती धावत धक्क्यावर आली तेव्हा होड्या चिखलात बसल्या होत्या. पाणी पार लांब गेलं होतं.

“पाचला चढेल पाणी,” नावाडीकाका म्हणाले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मीच एकदा मागे वळून बघायला हवं होतं.”

दुपारभर ती धक्क्यावर उभी राहिली. नवरा छत्री घेऊन आला. तिने ती डोक्यावर धरू दिली नाही. “अगं, काय वेडेपणा आहे हा? ऊन बघ जरा,” तो म्हणाला. ती उन्हाकडेच बघत होती.

पाचला होडी सुटली. ते बेटावर पोचेपर्यंत ऊन झाडांमागे गेलं होतं. गार वारा सुटला होता. लाळेरं फांदीला घट्ट होतं. तिने नाड्या सोडल्या. पान झुलत आपल्या जागी परतलं.

तिने ते हाताने बाजूला करून आत पाहिलं. दोन्ही पिल्लं एकमेकांवर माना टाकून पडली होती. हलत नव्हती.

त्यांच्यावर पाखराने पंख अजून तसेच धरले होते.