शवपेटीवरून बाळ

थॉर्नवेल घराण्यात माणसं विकत घ्यायची पद्धत बंद होऊन शंभर वर्षं झाली, पण माणसांना ‘आमची’ म्हणायची सवय सुटली नव्हती. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या त्या कापूसमळ्याची शेवटची मालकीण, मिस अराबेला, मरता मरता माझ्या तान्ह्या नातीबद्दल प्रेमानं म्हणाली, “ही माझी.”

म्हणून दफनाआधी आम्ही, त्या मळ्यावरच्या गुलामांच्या वंशजांनी, आमचा रिवाज पाळला. मेलेल्याचा जीव ज्या बाळात अडकलेला असतो, ते शवपेटीवरून पलीकडे द्यायचं. मग मेलेला त्याला सोबत नेत नाही. हवेलीमागच्या त्यांच्या घरच्या दफनभूमीत आम्हाला प्रथमच मानानं आत घेतलं होतं, पेटी उचलायला.

“आटप लवकर,” पेटीपलीकडून टेम्पी मावशी म्हणाली. “म्हातारीला ताटकळायची सवय नाही.”

मी नातीला, केझीला, पेटीवरून पुढे केलं. मावशीनं तिला काखांखाली धरून ओढलं. केझी मध्येच अडली. खाली बघून हसली आणि कुणाचं तरी बोट धरावं तशी तिनं हवेतच मूठ आवळली.

“सोडायला सांग तिला,” मावशी पुटपुटली.

“सोड गं, बाळा,” मी म्हणालो.

केझीनं मूठ उघडली. पाचही बोटं पसरली. आम्ही दोघांनी मिळून जोर लावला.

ती तसूभरही हलली नाही.