नाव न घेता

कागद हातात पडला आणि कानीशाय एका नावाशी अडली. परीक्षेसाठी दिलेलं भांडण तसं साधंच होतं. एकाची घोडी दुसऱ्याच्या घासाच्या वावरात शिरली आणि हिवाळ्याचा चारा फस्त करून गेली. पण घोडीवाल्याचं म्हणून जे नाव छापलं होतं, ते तिच्या सासऱ्यांचं. लग्नाला सोळा वर्षं झाली, ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. नारिनच्या डोंगराकडच्या सुनांच्या ओठांवर सासऱ्याचं नाव येतच नाही. तिच्या भिडेखातर आपणही ते इथं लिहायला नको.

टेबलापलीकडं तीन परीक्षक होते. अलीकडं दोन तरुण वकील, भांडणारे बनून बसलेले. गावातली निम्मी भांडणं कानीशायच्या चुलीपाशी मिटायची. पण तिच्याकडं दाखला नव्हता, म्हणून तिथं झालेला समझोता सरकारदरबारी कुणी ग्राह्य धरत नसे. आज ती पास झाली तरच तिचं नाव मध्यस्थांच्या यादीत लागणार होतं.

"करा सुरुवात," मुख्य परीक्षक गुलसीना बाकीरोव्हना म्हणाल्या.

नियमावलीचं पहिलं कलम तिला पाठ होतं. दोन्ही पक्षांना नावानं आणि सारख्याच मानानं हाक मारावी. तिनं कागद पालथा घातला.

"आधी एक सांगते. तुमच्यातलं एक नाव माझ्या सासऱ्यांचं आहे. ते मी घेत नाही. आता एकाला नावानं हाक मारली न् दुसऱ्याला नाही, तर पारडं तिथंच कललं. म्हणून मी दोघांचंही नाव घेणार नाही. काय म्हणू तुम्हाला, ते तुम्हीच सांगा. चालणार असेल तरच बसते."

घासवाला "भाऊ म्हणा की" म्हणून मोकळा झाला. घोडीवाला झालेला वकील मेदेर मात्र बेरकी. तो खुर्चीत मागं रेलला.

"मला बाई माझं नावच आवडतं. बापानं हौसेनं ठेवलंय."

बाकीरोव्हनांशेजारचे परीक्षक हसले. "अहो, घेऊन टाका. सासरे थोडेच ऐकताहेत? जीभ काही झडत नाही."

"जीभ नाही झडायची, साहेब. पण ते नाव घेताना माझं सगळं लक्ष सासऱ्यांकडं जाईल. मग या माणसाचं कोण ऐकणार?" ती उभी राहिली आणि मेदेरकडं वळली. "तुमचं मागणं रास्त आहे. हे भांडण माझ्या हातून नीट व्हायचं नाही. दुसरा मध्यस्थ मागून घ्या."

"खुर्ची सोडलीत तर परीक्षा संपली," परीक्षक म्हणाले. आता ते हसत नव्हते.

तिनं खुर्ची सोडली.

बाहेर बाकावर सासरे सकाळपासून बसले होते. ती तीन महिने बिश्केकला शिकायला गेली, तेव्हा याच माणसानं गायींच्या धारा काढल्या होत्या, गावाचं हसू झेलून. त्यांच्याकडं बघताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढ्यात आलीस?"

"एक नाव आडवं आलं, बाबा."

म्हाताऱ्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो उखडलाच. "मग घ्यायचंस की. मी कुठं होतो तिथं?"

"तुम्ही नव्हतात. मी होते ना."

 तेवढ्यात दार उघडलं आणि बाकीरोव्हना स्वतः बाहेर आल्या.

"आत या. दुसरं भांडण काढलंय. जे आपल्याला मोकळ्या मनानं ऐकता येणार नाही, ते सोडून द्यावं, असं आपलं शेवटचं कलम आहे. नऊ वर्षं परीक्षा घेतेय मी. ते पाठ सगळ्यांचं असतं, पण खुर्ची कुणी सोडत नाही. गुणपत्रिकेतल्या त्या कलमाच्या रकान्यात आज पहिल्यांदा खूण केली."

दुसरं भांडण दोन भावांत आईच्या गालिच्यावरून होतं. मेदेरनं आडमुठेपणाची कमाल केली. पण पाऊण तासानं त्यानंच आधी हात पुढं केला, आणि तोही नाटकातला वाटेना.

बाकीरोव्हना दाखला द्यायला तिच्यासोबत बाहेर आल्या, तेव्हा म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. असा ताठ तो कित्येक वर्षांत उभा राहिला नव्हता.

"आपण यांच्याबरोबर का?" बाईंनी अदबीनं विचारलं. "आपलं नाव?"

कानीशायनं नजर खाली वळवली. एरवी कुणी नाव विचारायचा अवकाश, म्हातारा स्वतःपासून सुरू करून सात पिढ्यांपर्यंत जाऊन थांबायचा. त्यानं घसा खाकरला.

"मी कानीशायचा सासरा," तो म्हणाला.