अर्धवट राहिलेलं प्रवचन

वॉशिंग्टनला कामावर जाणारे सकाळी रांगेत उभे राहतात. गाडीत तिघं असले की वेगवान मार्गिका मिळते, म्हणून गाडीवाले अनोळखी दोघांना फुकट नेतात. नियम एकच, गाडीवाल्यानं बोलल्याशिवाय पाहुण्यानं बोलायचं नाही.

सोमवारी वर्नेटाबाईंच्या गाडीत पाद्रीबुवांचं गात-गात केलेलं प्रवचन लागलं होतं. रांगेतून येऊन मागच्या सीटवर बसलेल्या रॉस्कोनं डोळे मिटले. बायबलमधल्या गोष्टीतल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाला परतताना लांबून पाहून बाप धावत सुटला, बुवांचा सूर टिपेला पोचला, अन् नेमकं रॉस्कोचं ऑफिस आलं! गोष्ट त्याला लहानपणापासून पाठ होती. पण त्या गळ्यातली बापलेकाची भेट हुकली, ही चुटपुट रात्रभर गेली नाही.

मंगळवारी त्यानं तीन-चार गाड्या सोडल्या.

"काका, नोकरी नकोशी झालीय का?" रांगेतली मागची पोरगी म्हणाली.

अखेर वर्नेटाबाई आल्या. रॉस्को टुणकन आत बसला. पण रस्ताभर नुसत्या हवामानाच्या बातम्या! नियमापुढे बिचारा चुळबुळत राहिला.

तो उतरला, मागून हॉर्न वाजू लागले, तेव्हा काच खाली करून बाई मायेनं म्हणाल्या,



"काल डोळे गच्च मिटून कसंबसं सोसलंत ना, भाऊ? म्हणून आज प्रवचन लावलंच नाही!"