विषय : भीती वाटण्याबाबत

“हे काय लिहिलंय, योगराजभाऊ?” रुग्णालयातल्या समुपदेशक नूतनला हसू आवरेना. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांनी मनातलं लिहून मोकळं व्हावं, म्हणून ती त्यांना कोरा कागद द्यायची. योगराजने त्यावर चक्क अर्ज केला होता. वर विषय, मध्ये ‘प्रकृती ठीक आहे’, खाली सही.

तहसील कचेरीत उभा जन्म गेलेला माणूस. पेन हातात आलं की ‘महोदय’ आपोआप उमटायचं, त्याला तो तरी काय करणार!

“बेबाअक्का आज गावी निघाल्यात,” नूतन म्हणाली. “ज्या बहिणीने मूत्रपिंड दिलं, ती दाराशी आली की तुम्ही भिंतीकडे तोंड करता. त्यांना वाटतंय, भाऊ रागावला. असं का करता, तेच लिहा की.”

योगराज कागद उलटा करून बसला. मग मान खाली घालून भराभर लिहीत गेला.

बेबाबाई आली तेव्हा तिचा एक हात कुशीवरच्या टाक्यांवर होता. धुळ्याची बस गाठायची होती. योगराजची मान पुन्हा भिंतीकडे वळू लागली, तशी नूतनने कागद त्याच्यापुढे धरला. “अक्कांना वाचता येत नाही. तुम्हीच वाचा.”

त्याने घसा खाकरला.

“महोदया, सविनय सादर करतो की, आपले एक मूत्रपिंड मला मिळाले आहे. आपल्या घरी कापसाचे काम मोठे. उरलेल्या एकावर आपणास काही झाल्यास त्यास मी जबाबदार राहीन. या भीतीने आपल्याकडे पाहण्याचे धैर्य होत नाही. सदर मूत्रपिंड आता परत करता येत नाही. तरी क्षमा व्हावी, ही विनंती.”

वाचून झालं तरी तो कागदातच बघत राहिला. बेबाबाईचे डोळे भरून आले होते, पण आवाज थोरल्या बहिणीचाच निघाला.

“येडा! परत कोन मांगी ऱ्हायनं?” मग ती म्हणाली, “तुना अर्ज मंजूर शे. पन आखो एक डाव परत वाच. मन्हाकडे देखीसन वाच.”

योगराजने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. कागद मांडीवर पडला. ‘महोदया’ काही ओठांवर येईना.

“अक्का, माले भेव वाटस.”

“माले बी,” बेबाबाई म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.