पडण्याची शक्यता

शेवंताबाई मगदूमांनी आज पडायचं ठरवलं होतं. तपासणीच्या पट्टीवर चालताना एकदा धडपडलं, की यंत्र पडण्याची शक्यता तीस टक्क्यांवर दाखवणार आणि रणधीरची 'आईरजा' सहा महिने वाढणार. आईबाप पडायच्या बेतात असतील, तरच सरकार मुलांना घरी राहू देत होतं. नाहीतर रणधीर पुन्हा सिंगापूरला, आणि बाईंना पुन्हा पडद्यावरचा मुलगा.

चूक बाईंचीच. मुलाला भार नको म्हणून वर्षभर त्या तालमीत लाठी शिकल्या. बाकीच्या म्हाताऱ्या हजेरीपुरत्या येत, या घाम गाळत.

"मावशी, आज जरा कच्चं खेळा," तपासणीला सोबत आलेले तालमीचे वस्ताद पुटपुटले.

"पक्कं तुम्हीच केलंसा, आता बिघडवा की!"

पट्टीच्या मध्यावर बाईंनी डोळे मिटून अंग पुढं झोकून दिलं. पण उजवा पाय आपला आपणच पुढं आला, गुडघा वाकला आणि बाई पवित्र्यात ठाम उभ्या राहिल्या. पुन्हा झोकलं, पुन्हा पवित्रा. तिसऱ्यांदा तर तपासनिसानं टाळ्याच वाजवल्या.

"फक्त चार टक्के! आजी, शंभरीपर्यंत एकट्या राहाल!"

दाराशी उभ्या रणधीरच्या फोनवर रुजू होण्याचा हुकूम आला.

"आई, तुला साधं पडता येईना?" म्हणत तो बॅग भरायला निघाला. त्याला गाठायला बाईंना पळावं लागलं, आणि त्या पळाल्या.

तपासनिसानं शक्यता तीन टक्क्यांवर आणली.