दोन ओले गोल

डायलिसिसच्या सुया हातात लावून झाल्यावर सिस्टरने चादर वर ओढली आणि तिची नजर थबकली. मावशींच्या ब्लाउजवर पुढे दोन ओले गोल उमटले होते.

"पाणी सांडलं का हो?"

मावशींनी मोकळ्या हाताने पदर पुढे ओढला. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या मावशींना कापडावरचा डाग कशाचा ते बघताच कळायचं. हे पाणी नव्हतं. आठ दिवस त्या लपवत होत्या.

तपासण्या झाल्या. गाठ नाही ना हे बघायला डोक्याचा स्कॅनही काढला, त्यात काही नव्हतं. मग तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन मशीनशेजारी स्टूल ओढून बसला. त्याने सांगितलं की दूध आणणारं हार्मोन किडनी एरवी बाहेर टाकते. ती बंद पडल्याने ते रक्तात साठतंय. मशीन रक्त धुतं, पण हे हार्मोन त्याच्याने नीट निघत नाही. घाबरण्यासारखं काही नाही, गोळीने थांबेल.

"पण मला मूल नाही, डॉक्टर. झालंच नाही."

"शरीराला ते कळत नाही," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर ओशाळला.

घरी आल्यावर मावशींनी धाकट्या बहिणीला फोन लावला. ती तीन मुलांची आई, तिला तरी सांगावं. बहीण म्हणाली, गोळी घे, आणि कुणापाशी बोलू नकोस, लोक हसतील. तिच्याकडे पाहुणे आले होते. फोन ठेवल्यावर सांगायला दुसरं माणूस आठवेना. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

दिवसाला मोजून तीन पेले पाणी प्यायची मुभा. डायलिसिसहून आलं की अंग गळून जायचं, जीभ टाळ्याला चिकटायची. त्याच अंगातून हे झरत होतं, याचं मावशींना नवल वाटायचं. एका सकाळी दार लावून त्यांनी बोटावर थेंब घेतला आणि चाखला. गोडसर होता.

तीन आठवड्यांनी डॉक्टरने विचारलं, थांबलं का? मावशी म्हणाल्या, गोळी अजून आणलीच नाही.

डॉक्टर रागावला नाही.

"कपडे खराब होत असतील ना रोज?"

"होतात की," मावशी म्हणाल्या. "धुते ना मी."